न बोलणारे चित्र आणि आपण



गेल्या रविवारी वंदना आटोपल्यावर आम्ही विहाराच्या पायरीवर बसलो होतो. तेवढ्यात आमच्या वस्तीतले रंगारी काका आले. चाळीस वर्षे लोकांची घरे रंगवण्यात गेलेला हा माणूस. एरवी मोठ्या आवाजात जयभीम घालणारे काका त्या दिवशी गप्प होते. त्यांनी पिशवीतून गुंडाळलेला ड्रॉइंगचा कागद काढून आमच्यापुढे पसरला.

"नातीनं काढलंय. आठवीला आहे ती. शाळेत विषय दिला होता, 'पावसाळ्यातील एक दिवस'. बघा जरा."

आम्ही पाहिले. कागदभर राखाडी आणि निळा रंग होता. कुठे दाट, कुठे ओल्या फडक्याने पुसून काढलेला. मध्येच एक पिवळट डाग. छत्री नाही, झोपडी नाही, मोर नाही, भिजणारी मुलेही नाहीत. कोपऱ्यात शाळेतून लाल शाईने शेरा आला होता, 'अपूर्ण'.

काका म्हणाले, "तिची आई चिडली. रंगाच्या बाटल्या काय फुकट येतात? पोरगी तेव्हापासून बोलत नाही. चित्रकलेच्या परीक्षेला बसणार नाही म्हणते. तुम्ही लिहिता, वाचता. हे चित्र आहे की नाही, एवढं सांगा."

खरे सांगतो, आम्हाला पटकन उत्तर देता आले नाही. 'उद्या सांगतो काका' असे म्हणून आम्ही वेळ मारून नेली. घरी आल्यावर मात्र एका माणसाची आठवण झाली. त्याच माणसाविषयी आज या सदरात लिहावेसे वाटते. त्यांचे नाव वासुदेव गायतोंडे.

आपल्यापैकी काहींना हे नाव वर्तमानपत्रातून माहीत असेल. डिसेंबर २०१३ मध्ये मुंबईतील एका लिलावात त्यांचे एक चित्र सुमारे २३ कोटी ७० लाख रुपयांना विकले गेले. आधुनिक भारतीय चित्राला लिलावात तोवर इतकी किंमत मिळाली नव्हती. पुढे २०२१ मध्ये त्यांच्या दुसऱ्या एका चित्राला जवळजवळ ४० कोटी मिळाले. तेव्हा आमच्या नाक्यावर ही बातमी मोठ्याने वाचून लोक हसले होते. 'एवढे पैसे? आणि काढलंय काय त्यात? नुसता रंग!' आम्हीही त्या हसण्यात सामील होतो, हे कबूल केले पाहिजे.

पण त्या कोट्यवधी रुपयांतला एक रुपयाही चित्रकाराच्या हाती पडला नाही. गायतोंडे १० ऑगस्ट २००१ रोजीच हे जग सोडून गेले होते. दिल्लीत निजामुद्दीन भागात एका भाड्याच्या छोट्या जागेत त्यांनी आयुष्याची अनेक वर्षे काढली. म्हणून किमतीची गोष्ट इथेच सोडू आणि माणसाकडे वळू.

गायतोंडे यांचा जन्म २ नोव्हेंबर १९२४ चा, नागपूरचा. होय, आपल्या नागपूरचाच. पुढे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी ज्या शहरात बाबासाहेबांनी लाखोंना धम्माची दीक्षा दिली, तेच हे शहर. आई-वडील मूळचे गोव्याचे. वाढले मुंबईत, गिरगावच्या चाळीत. म्हणजे भिंतीला भिंत लागून असलेली बिऱ्हाडे, नळावरची गर्दी, जिन्यातला गलका हे सारे त्यांनी लहानपणी ऐकलेले होते. सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून १९४८ साली त्यांनी पदविका घेतली. सुरुवातीला तेही माणसेच काढत होते. जुन्या लघुचित्रांचा अभ्यास करून, ठसठशीत रेषेत, भडक रंगात त्यांनी स्त्री-पुरुषांची चित्रे काढली. १९५७ मध्ये टोकियो येथे भरलेल्या आशियातील तरुण चित्रकारांच्या प्रदर्शनात त्यांना पारितोषिकही मिळाले.

मग हळूहळू त्यांच्या चित्रातून माणसे निघून गेली. झाडे गेली, घरे गेली. रंग, प्रकाश आणि काही पुसट आकार एवढेच उरले. लोक याला 'अमूर्त' चित्र म्हणतात. गायतोंडे यांना तो शब्दही पटत नसे. आपल्या चित्रात कुठलीही वस्तू दाखवायचीच नाही, म्हणून त्याला वस्तुनिरपेक्ष चित्र म्हणावे, असे त्यांचे म्हणणे. आपल्या चित्रांना ते नावेही देत नसत. खाली सही आणि साल, बस्स!

हे कशामुळे घडले? त्याचे एक कारण आपल्या फार जवळचे आहे. १९५० च्या दशकाच्या शेवटी त्यांना झेन विचाराची ओढ लागली. झेनमुळे आपल्याला निसर्ग समजायला मदत झाली, असे त्यांनी १९६३ साली लिहून ठेवले आहे. हे झेन म्हणजे दुसरेतिसरे काही नसून बुद्धाच्या शिकवणुकीचीच एक शाखा आहे. पालीतले 'झान', संस्कृतातले 'ध्यान', ते चीनमध्ये गेले तेव्हा 'चान' झाले आणि जपानात पोचल्यावर 'झेन'. आपल्याच मातीतला शब्द अर्धे जग फिरला आणि गिरगावच्या चाळीत वाढलेल्या एका चित्रकाराला पुन्हा भेटला.

आता कोणी म्हणेल, गायतोंडे बौद्ध होते काय? नाही. त्यांनी दीक्षा घेतली नव्हती आणि चळवळीशीही त्यांचा संबंध नव्हता. झेनप्रमाणेच जे. कृष्णमूर्ती, रमण महर्षी, निसर्गदत्त महाराज यांच्या विचारांकडेही त्यांचा ओढा होता. उगाच कोणाला आपल्या रांगेत उभे करण्याची आम्हाला हौस नाही. पण जिथे बुद्धाच्या शिकवणुकीचा एक किरण एखाद्याच्या कामावर पडला आहे, तिथे तो ओळखण्यात संकोच कशाला?

त्यांची काम करण्याची पद्धत ऐकण्यासारखी आहे. वर्षाकाठी ते मोजकीच पाच-सहा मोठी चित्रे करीत. बाकीचा वेळ? बसून राहत. पाहत. विचार करीत, आणि विचार थांबला की तसेच बसून राहत. चित्राची सुरुवात शांततेतून होते, असे ते मानत. मग कॅनव्हासवर रंग पसरायचा, रंगाच्या सुरीने तो ओढायचा, रोलर फिरवायचा, कागदाचे तुकडे दाबून रंग उठवायचा, काही ठिकाणी खरवडून आतला थर वर आणायचा. पुन्हा थांबायचे. घाई म्हणून नाही.

१९६४ साली त्यांना अमेरिकेतील रॉकफेलर फंडाची शिष्यवृत्ती मिळाली आणि ते न्यूयॉर्कला राहून आले. १९७१ मध्ये पद्मश्री मिळाली. १९७२ पासून ते दिल्लीत राहू लागले. त्यांनी लग्न केले नाही. सभा-समारंभ टाळले, स्वतःची जाहिरात केली नाही. १९८४ मध्ये त्यांना अपघात झाला आणि काही वर्षे मोठ्या कॅनव्हासवर काम करणे अशक्य झाले. तेव्हा ते रडत बसले नाहीत. लहान कागदावर शाईने चित्रे काढली. हातात ब्रश नसला तरी मनात चित्र चालूच असते, असे ते म्हणत. पुढे २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने त्यांच्या आयुष्यभराच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरवले. ते पाहायला ते स्वतः नव्हते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही एका कलाविषयक मासिकाचा जुना अंक काखेत मारून काकांच्या घरी गेलो. त्यात गायतोंडे यांची काही रंगीत चित्रे छापलेली होती. काकांनी चष्मा लावला. पान हातात धरून बराच वेळ पाहत राहिले. मग बोट ठेवून म्हणाले,

"हा रोलर फिरलाय. इथं पट्टीनं ओढलंय. आणि हे बघा, खालचा हात वाळल्यावर वरचा हात मारलाय, पण पातळ. खालचा रंग वर बोलतोय. हे घाईचं काम नाही. वाळायची वाट बघावी लागते याला."

आम्ही थक्क झालो. कोणत्याही कलासमीक्षकाला जे सांगायला दोन पाने लागली असती, ते काकांनी चार वाक्यांत सांगितले. चाळीस वर्षे पुट्टी भरून, घासून, हातावर हात मारून भिंती उजळवणाऱ्या माणसाला रंगाचा थर कळणार नाही तर कोणाला कळणार?

मग काकांनीच एक प्रश्न विचारला. तो आम्हाला अजून सोडत नाही. ते म्हणाले, "सगळं खरं. पण हा शांतपणा आपल्याला परवडतो का? आमची खोली दहा बाय बारा. सहा माणसं. एकाचा टीव्ही, एकाचा मोबाईल, शेजाऱ्यांचं भांडण. गप्प बसायला जागा कुठाय? आणि दुसरं, आपल्या लोकांनी गप्प बसायचं का? गप्प बसून तर पिढ्या गेल्या."

काकांचा प्रश्न हलका नाही. त्याचे दोन भाग आहेत, म्हणून दोन्ही भागांचा विचार करू.

आधी गप्प बसण्याविषयी. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी पहिले पाक्षिक काढले, त्याचे नावच 'मूकनायक'. का? कारण हा समाज मुका केला गेला होता. त्याच्या तोंडावर शतकांचा हात होता. ते मौन लादलेले होते. ते मोडलेच पाहिजे होते आणि बाबासाहेबांनी ते मोडले. कोणी आपल्याला पुन्हा तसे गप्प बसायला सांगेल, तर आपण ऐकणार नाही.

पण दुसरेही एक मौन आहे. बुद्धाने भिक्खूंना सांगितले होते की, एकत्र जमाल तेव्हा एक तर धम्माविषयी बोला, नाही तर आर्य मौन पाळा. हे मौन भीतीचे नाही. ज्याला बोलता येते, ज्याला बोलायचा अधिकार आहे, त्याने स्वतःच्या मनाकडे पाहण्यासाठी आपणहून घेतलेले हे मौन आहे. मुक्या माणसाला बोलू न देणे हा अन्याय, आणि बोलत्या माणसाने क्षणभर थांबून पाहणे ही साधना. दोन्ही गोष्टी बाहेरून सारख्या दिसतात, आतून जमीन-अस्मानाचा फरक आहे. गायतोंडे यांचे मौन या दुसऱ्या प्रकारचे होते.

'अध्यात्म' हा शब्द ऐकला की आपल्या लोकांच्या कपाळाला आठी पडते, आणि ती योग्यच आहे. आत्मा, परमात्मा, पूर्वजन्मीचे पाप यांच्या नावाखाली आपल्याला पुष्कळ फसवले गेले. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात हे सारे बाजूला काढून मनाला मध्यभागी ठेवले. म्हणून एखाद्या चित्राला कोणी आध्यात्मिक म्हटले तर आपण एवढेच विचारावे, हे चित्र मला माझ्या मनाकडे नेते काय? नेत असेल तर त्यात देवाचे काम नाही, आत्म्याचेही नाही. ते लक्ष देण्याचे काम आहे. आनापानसतीत आपण श्वासाकडे लक्ष देतो, तसे इथे रंगाकडे द्यायचे.

आणि वस्तू नसलेले चित्र आपल्याला परके आहे, असेही समजू नका. आपल्यापैकी अनेकजण सहकुटुंब कार्ला-भाजे लेणी पाहून आले असतील. भाजे येथील चैत्यगृहात काय आहे? दगडाचा एक स्तूप. गोल बैठक, वर घुमट. ना चेहरा, ना हात, ना कोरीव वेलबुट्टी. तरी आत शिरल्यावर आपला आवाज आपोआप खाली येतो. हात जोडले जातात. सांचीच्या जुन्या शिल्पांतही बुद्धाची मानवी मूर्ती नाही. बोधिवृक्ष आहे, धम्मचक्र आहे, पावले आहेत, रिकामे आसन आहे. त्या रिकाम्या आसनापुढे लोक नतमस्तक झालेले दाखवले आहेत. जे दाखवलेले नाही, तेही पाहता येते, हे आपल्या पूर्वसुरींना दोन हजार वर्षांपूर्वी ठाऊक होते. मग एका चौकटीतल्या नुसत्या रंगाला आपण का हसलो?

आता जागेचा प्रश्न. काका म्हणतात ते सत्य आहे. शांतता ही ज्याच्याकडे खोली आहे त्यालाच सहज मिळते. जे. जे. सारख्या संस्थेत जायला मिळणे, परदेशी शिष्यवृत्ती मिळणे, हे आपल्या किती मुलांच्या वाट्याला येते? कलेच्या दारात जात उभी नसते, असे म्हणणाऱ्यांवर आमचा विश्वास नाही. ही विषमता आहे आणि तिच्याशी आपले भांडण चालूच राहील. पण म्हणून 'ही आपली गोष्ट नव्हे' असे म्हणून आपणच दार लावून घ्यावे काय? ज्ञानाचे दार आपल्याला बंद होते, तेव्हा बाबासाहेबांनी ते ज्ञान नाकारले नाही, दार उघडले. एवढ्या धकाधकीच्या जीवनात, उतारवयात त्यांनी व्हायोलिन शिकायला घेतले, चित्रकलेचा छंद धरला. घटना लिहिणाऱ्या माणसाला सूर आणि रंग यांची गरज वाटली, तर आपल्या मुलांना ती वाटू नये?

हे बोलणे चालले असताना नात भिंतीला टेकून ऐकत होती. काकांनी तिला जवळ बोलावले. तिचा तो कागद पुन्हा पसरला आणि शेऱ्याकडे न बघता विचारले,

"बाळा, हे तू कुठं पाहिलंस?"

ती आधी गप्प राहिली. मग खाली मान घालून म्हणाली, "आजोबा, त्या दिवशी खूप पाऊस होता ना, लाइट गेलेली. टीव्ही बंद. पत्र्यावर नुसता आवाज. मी खिडकीजवळ बसले होते. काचेतून बाहेरचं काहीच दिसत नव्हतं, नुसतं हे असं. समोरच्या घरात मेणबत्ती लावली होती. तेवढा वेळ कुणी कुणावर ओरडत नव्हतं. मला ते काढायचं होतं."

घरात कोणी काही बोलले नाही. तिची आई स्टोव्हजवळ बसली होती. तिने गॅस बारीक केला, उठून आली आणि कागद उचलून उजेडात धरला. "हा पिवळा ठिपका म्हणजे मेणबत्ती होय?" एवढेच तिने विचारले. मुलीने मान हलवली.

आम्हाला काकांच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले होते. होय, हे चित्र आहे. ते अपूर्ण नाही. त्या मुलीला जेवढे सांगायचे होते, तेवढे त्यात पुरे आहे.

पण एक गोष्ट आम्ही तिलाही सांगितली, ती इथे लिहितो. नाही तर मुले म्हणतील, रंग सांडला की झाले चित्र! तसे नाही. गायतोंडे यांनी आधी माणूस काढायला शिकून घेतले, रेषा हातात बसवली, मग ती सोडली. ज्याच्याकडे आहे, तोच सोडू शकतो. म्हणून एलिमेंटरीची परीक्षा द्यायची, इंटरमिजिएटचीही द्यायची. वस्तुचित्र, स्मरणचित्र, नक्षीकाम सारे नीट शिकायचे. परीक्षेत छत्री मागितली तर छत्री काढायची. आणि घरी आपल्या वहीत पाऊस आपल्याला जसा दिसला तसा काढायचा. त्या वहीवर कोणाचा लाल शेरा नको.

काकांनी तिच्यासाठी एक सोय केली आहे. कामावरून उरलेले, डब्याच्या तळाशी राहिलेले रंग ते आता बाटलीत भरून आणतात. जुना चार इंची रोलर धुऊन तिला दिला आहे. आईने संध्याकाळी अर्धा तास टीव्ही बंद ठेवायचे कबूल केले आहे. पहिल्या दिवशी लहान भावाने तक्रार केली. तिसऱ्या दिवशी तोही कागद घेऊन शेजारी बसला, असे काका सांगत होते.

माता-भगिनींनो, बांधवांनो, आमची एवढीच विनंती आहे. तुमच्या घरात एखादे मूल गप्प बसून काही रेघोट्या मारत असेल, तर 'काय काढलंस' असे दरडावून विचारण्याआधी 'काय पाहिलंस' असे विचारा. मुंबईत असाल तर एखाद्या सुट्टीच्या दिवशी मुलांना काळा घोडा येथील जहांगीर आर्ट गॅलरीत घेऊन जा. तिथे तिकीट नाही. दारावरचा माणूस आपल्याकडे कसा बघतो याची फिकीर करू नका, मान ताठ ठेवून आत शिरा. एखादे चित्र कळले नाही तर लाजू नका. फक्त पाच मिनिटे त्याच्यासमोर उभे राहा, न बोलता.

काका आमच्याबरोबर पुढच्या महिन्यात येणार आहेत. आयुष्यभर भिंती रंगवल्या, पण भिंतीवर लावलेले चित्र बघायला म्हणून कधी गेलो नाही, असे म्हणाले. नात तर येणारच आहे. आणि तिची आई म्हणाली, "मी पण येते. मला तो रोलर कुठं फिरलाय ते बघायचंय."

भवतु सब्ब मंगलं!